रामजन्म, अकरा बेचाळीस

या, असे पुढं या, खांबामागं कशाला बसता. पाय दुखत असतील तर पसरा, इथल्या रामाला चालतं. तुम्हांला आज एक गोष्ट सांगते, आमच्या देवशेतला राम एका वर्षी अठरा मिनिटं आधी कसा जन्माला आला त्याची. कुणाकडून ऐकलेली नाही हो. मी तिथं होते आणि माझ्या हातात कागद होता.

चैत्र शुद्ध अष्टमीचा दिवस. कीर्तन नुकतं संपलेलं. वासूअण्णा सरपोतदार देवळाच्या पायरीवर उभे राहून खिशातलं घड्याळ सगळ्यांच्या नाकापुढं नाचवत होते.

"एक वाजायला दहा कमी! एक वाजायला दहा कमी आहेत, बुवा! उद्या नवमी. उद्या राम जेवणं झाल्यावर जन्माला घालणार का?"

अण्णा आमच्या देवस्थानचे मुख्य. आणि समोर घाम पुसत उभे होते ते कीर्तनकार नरहरबुवा आठल्ये. पाडव्यापासून नवमीपर्यंत नऊ दिवस, सकाळी दहा ते बारा, असं त्यांचं कीर्तन. चोवीस वर्षं चाललं होतं. आमच्याकडची रीत अशी, की नवमीला सभामंडपातलं घड्याळ फडक्यानं झाकून टाकायचं. देव काट्याकडं बघून जन्मत नाही म्हणून. बुवा आख्यान लावायचे, बाहेर अण्णा घड्याळ घेऊन उभे. ठीक बारा वाजता अण्णांनी उखळी बाराला बत्ती द्यायची आणि त्याच क्षणाला आत जन्माचं पद. चोवीस वर्षांत एकदाही मागंपुढं नाही. शेजारच्या गावांतली माणसं तेवढं बघायला यायची.

आणि त्या वर्षी पाडव्यालाच कीर्तन दहा मिनिटं लांबलं. चौथीला पंचवीस. अष्टमीला पन्नास.

"मी एक ओवी वाढवलेली नाही," बुवा म्हणाले. "तीच पदं, तेवढीच."

"मग चार गाळा."

"कुठली गाळू? कौसल्येचे डोहाळे गाळू?"

"डोहाळे आटोपते घ्या की थोडे!"

"अण्णा, ते माझ्या हातात नाही. मी ठेक्यावर गातो."

आणि सगळ्यांनी वळून पाहिलं ते पखवाजाला गवसणी घालत बसलेल्या भिकूतात्या गुरवांकडं.

भिकूतात्या म्हणजे रामाच्या पूजेचे गुरव. वय सत्तरीला टेकलेलं, अंगानं काटकुळे, आणि पखवाजावर हात पडला की खांब ऐकायचे. मी त्यांच्या मागं झांज घेऊन उभी राहायचे. नोकरी माझी सरकारी दवाखान्यात, ई.सी.जी. काढायची. छातीला वाट्या लावायच्या आणि हृदयातून जी बारीक वीज फिरते तिचा आलेख कागदावर उतरवून घ्यायचा. पण पाडवा ते नवमी माझी रजा ठरलेली. कीर्तनाशिवाय मला करमायचं नाही, आजही नाही.

तात्या शांतपणे म्हणाले, "माजा ठेका जाग्यावर हाय. केसभर हाललेला नाय."

"तात्या, लोकांच्या डुलक्या लागतायत!"

"ती भक्ती."

"उद्या वेळ चुकली," अण्णांचा आवाज चढला, "तर पुढल्या पाडव्याला दुसरे बुवा. देवस्थानच्या कागदात लिहिलेलं आहे, मी मनचं बोलत नाही. मग तुमचं तुम्ही बघून घ्या."

बुवांचा चेहरा उतरला. तात्या मात्र उसळले. "ओ अण्णा, बुवांना कशाला? मला इचारा. माज्या बापानं शिकवलंय. छातीवर हात ठेवायचा, आतनं जो ठोका येतो ती एक मात्रा. घड्याळ थांबंल, हे थांबत नाय. इतकी वर्षं ह्याच्यावर वाजवतोय."

मी झांज पिशवीत घालत होते ती तशीच राहिली. मला एकदम आठवलं, रावणाच्या स्वारीचं पद आलं की बुवांआधी तात्यांचीच लय चढायची. त्या वर्षी बुवा हातानं खुणावून थकले, पण लय चढली नव्हती.

"तात्या, मनगट बघू," म्हटलं.

घड्याळ अण्णांच्याच हातात होतं. मिनिटभर मोजलं. छत्तीस.

"तात्या, चक्कर येते का हो?"

"येते. उन्हाळा हाय."

"आत्ता दवाखान्यात चला."

"नवमी झाल्याबिगर देऊळ सोडायचा नाय मी."

त्या दिवशी बधले नाहीत. मग मीच युक्ती केली. म्हटलं, तात्या, माझ्या यंत्रातून तुमच्या ठेक्याचं चित्र निघेल. सरकारी कागद. अण्णांच्या तोंडावर मारा. नवमीला सकाळी सातला तात्या अंघोळ करून, गंध लावून दवाखान्याच्या दारात हजर. मागोमाग अण्णा, कारण तो कागद खोटा ठरवायचा होता. त्यांच्यामागं बुवा, कारण त्यांना रात्रभर झोप नव्हती.

कागद सरसर बाहेर आला. डॉक्टरांना हाक मारली.

डॉक्टर मेश्राम वर्ध्याकडचे. नुकते शिकून आलेले, देवळात कधी पाऊल नाही, पण रुग्णासाठी जेवणाचं ताट सारून उठणारा माणूस. त्यांनी कागद पाहिला, तात्यांकडं पाहिलं, परत कागद पाहिला.

"हे चालत आले?"

"पखवाज वाजवून चालत येतात, रोज," मी म्हटलं.

तात्या उठून बसले. "सरळ हाय ना ठेका? सांगा ह्यांना."

"एकदम सरळ हाय बाबा. तेच तर वाईट हाय. तुमी आडवे व्हा बरं, कायले उठून बसले?" डॉक्टर अण्णांकडं वळले. "याइच्या हृदयात करंटची वाट बंद झाली."

"करंट?" अण्णा दोन पावलं मागं सरकले. "हात लावला तर आपल्याला बसेल का?"

डॉक्टरांनी कपाळावर हात मारला. मग मीच सांगायला घेतलं. आठ दिवस कीर्तन ऐकून माझी जीभ तशीच वळत होती.

"अण्णा, असं समजा. हृदयाच्या वरच्या बाजूला, उजव्या कोपऱ्यात, चिमूटभर जागा आहे. ते बुवा. पद तेच उचलतात. त्यांनी उचललं की वरचे दोन कप्पे लगेच म्हणतात. मग पद मधल्या एका गाठीशी येतं आणि तिथं ते घटकाभर अडवलं जातं. घटकाभर म्हणजे सेकंदाचा दहावा हिस्सा."

"का अडवतात?" बुवांनी विचारलं. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

"वरच्यांचं म्हणून पुरं व्हायच्या आत खालच्यांनी तोंड घालू नये म्हणून. वरचं रक्त खाली उतरायला हवं ना. ते उतरलं की गाठीतून पद खाली सुटतं. एक दोरी, तिच्या दोन फांद्या, डावी नि उजवी, पुढं बारीक बारीक तंतू. खालचे सगळे एकदम उचलतात. नाडीला लागतो तो ठोका खालच्यांचा."

"वा!" बुवा म्हणाले. "आणि हे सगळ्यांच्या आत चालतं? फुकट?"

"तात्यांचं काय बिघडलंय ते सांग," अण्णा म्हणाले.

"मधली वाट बंद झालीय. हे बघा, ह्या बारीक टेकड्या म्हणजे वरचे. मिनिटाला ऐंशी. बुवा गातायत, चोख गातायत. आणि हे उंच सुळके खालचे. छत्तीस. त्यांना बुवा ऐकूच येत नाहीत."

"मग गातात कशाला?"

"गप्प बसले तर माणूस जातो, अण्णा. म्हणून आपले आपण, जमेल तसं म्हणत राहतात. पण किती वेळ म्हणतील ते सांगता येत नाही."

अण्णांनी विचार केला. "खालच्यांना कडक समज देता येणार नाही का?"

"देता येते," डॉक्टर म्हणाले. "कोल्हापूरले. छातीत यंत्र बसवावं लागते, ते ठोका देते. आजच. मी फोन करतो, पण गाडी यायले बारा वाजतील. तोवर एका औषधाची बाटली लावतो, खालच्याइले थोडं ढोसलते ते. बाबानं हलाचं नाही."

डॉक्टर फोनला गेले, मी बाटली आणायला गेले. परत येते तो खाट रिकामी. अण्णा आणि बुवा एकमेकांकडं बघत उभे.

"तुम्ही सोडलंत?"

"तो म्हणाला लघवीला जातो," अण्णा म्हणाले.

तात्या देवळात पखवाजाला कणीक लावत बसले होते.

डॉक्टर धावत आले, पायांत चपला नाहीत, हातात बाटली. सभामंडपात अडीचशे माणूस. बायकांकडून बुंदीचा वास, पाळणा झेंडूनं भरलेला. डॉक्टरांनी तात्यांना दटावलं, विनवलं, हात जोडले.

"डॉक्टरसाहेब," तात्या म्हणाले, "गाडी आली का?"

"नाही."

"मग हितं बसून वाट बघतो. तितं पडून काय येगळं व्हनार?"

उचलून न्यावं तर तात्या हातपाय झाडणार, आणि तेच सगळ्यात धोक्याचं. शेवटी डॉक्टर म्हणाले, "मालूताई, मशीन इथं आणा."

आणि मग जे झालं ते कुठल्या देवळात झालं नसेल. तात्यांच्या पाठीला भाताची दोन पोती लावली. हंडी टांगायच्या कडीला औषधाची बाटली टांगली. डाव्या हातात सुई घातली तर पखवाजाची डावी बाजू वाजेना, म्हणून ती पायाच्या शिरेत. अंगरख्याच्या आत वाट्या, वायरी पखवाजाच्या खालून माझ्या यंत्राला. झांज मी शेजारच्या सुमनवहिनींना दिली. बुवांनी रामाला नमस्कार केला, तात्यांना केला, आणि जरा विचार करून बाटलीलाही केला.

दहा वाजता पूर्वरंग सुरू झाला. घड्याळावर फडकं होतं, पण अण्णा दारात उभे राहून बोटं दाखवत होते. पाच बोटं, म्हणजे पाच मिनिटं मागं. मग दोन्ही पंजे.

औषधानं बेचाळीस झाले होते. मधल्या भजनाला अण्णा वाकत वाकत आत आले आणि डॉक्टरांच्या कानाशी लागले.

"थोडं वाढवा की."

"काय वाढवू?"

"साठ करा. साठला बरोबर बाराला येतं, मी हिशेब केलाय."

"मी पेशंट पाहून राहिलो, तुमची आगगाडी नाही."

"बरं, पंचावन्न?"

"अठ्ठेचाळीस. त्याच्यावर एकबी नाही. जास्त ढोसललं तर खालचे भडकतात, मग कुणाचंच ऐकत नाहीत."

"पन्नास. माझ्यासाठी पन्नास!"

डॉक्टरांनी अण्णांकडं असं काही पाहिलं की ते वाकत वाकतच बाहेर गेले. पण खरं सांगू? डॉक्टर बाटलीची चकती फिरवायचे तेव्हा घटकाभरानं बुवांचं पद जरा चालू लागायचं, आणि डॉक्टरांचा पाय आपसूक ताल धरायचा. हे मी पाहिलंय.

कागद तर थांबतच नव्हता. तो यंत्रातून बाहेर पडून बायकांच्या बाजूला सरकला. पहिल्या रांगेतल्या काकूंनी तो डोळ्याला लावला आणि मागं दिला. बघता बघता तात्यांच्या हृदयाचा आलेख सभामंडपभर हातोहात फिरू लागला. कुणी हळद लावली, कुणी कुंकू. मला हवं तेव्हा मागचा भाग बघता येईना.

बुवा दशरथाच्या यज्ञापाशी आले होते. अग्नीतून पुरुष निघाला, हातात पायसाचं भांडं, राजा ते घेऊन राण्यांकडं निघाला. इथून जन्मापर्यंत अजून नऊ पदं होती. एवढ्यात दाराबाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला. तात्यांची पाठ दाराकडं, त्यांना पत्ता नाही. डॉक्टरांनी मला खूण केली, गाडी आली, पद संपलं की उचलायचं. मी मान हलवली आणि कागदाकडं पाहिलं.

सुळका नव्हता.

टेकडी आली. परत टेकडी. परत टेकडी. वरचे हाका मारतायत, एकामागून एक, आणि खालून काही नाही. तात्यांचा हात पखवाजाच्या वर, हवेत, पानासारखा थांबलेला. डोळे उघडे, पण त्यांत कुणी नाही.

ठेका थांबला.

बुवांना ते माझ्याही आधी कळलं. त्यांनी मागं वळून पाहिलं नाही. दोन्ही हात उंच केले आणि असा आवाज लावला की कबुतरं उडाली, "बोला सीताकांत स्मरण!" आणि अडीचशे माणसांनी जयजयकार केला. पुन्हा बुवा, पुन्हा जयजयकार. त्या गजरात पखवाज वाजतोय की नाही हे कुणाला कळायला वाव नव्हता. डॉक्टरांनी तात्यांच्या छातीवर एक गुद्दा मारला. मी मोजत होते, चार टेकड्या, सहा, आठ. देवाचं नाव घ्यायचंही सुचलं नाही मला.

मग सुळका आला. वेडावाकडा, पण आला. मागोमाग दुसरा.

तात्यांचा हात खाली पडला, बरोबर समेवर. त्यांनी डोळे मिचकावले, छाती चोळली आणि डॉक्टरांना म्हणाले, "जरा लांब बसा हो, कोपर लागतंय तुमचं."

सहा सेकंद. तात्यांना त्याचा पत्ताच नव्हता.

आता बुवा वळले. माझ्याकडं बघून भुवई उचलली. मी मान हलवली, नाही. थांबायला वेळ नाही, आणि जन्म झाल्याशिवाय तात्या देऊळ सोडणार नाहीत. बुवांनी रामाकडं पाहिलं. मग लोकांकडं.

"आणि मंडळी," ते म्हणाले, "राम जन्मला!"

आणि थेट जन्माचं पद.

सभामंडपात कुणाला काही उमजेना. मग एकीनं फुलं टाकली, दुसऱ्यानं गुलाल, कुणीतरी पाळण्याची दोरी ओढली, आणि एकच कल्लोळ. त्यातून अण्णा आत शिरले, एका हातात घड्याळ, दुसऱ्यात न पेटलेली बत्ती.

"अहो बुवा! अकरा बेचाळीस! अकरा बेचाळीस झालेत! अजून कौसल्येला पायस मिळालेलं नाही!"

"वाटेत प्याली," बुवा म्हणाले आणि पुढची ओळ घेतली.

"बाकीच्या दोघींचं काय?"

"त्यांचं दुपारून बघू!"

तात्यांनी जन्माचं पद पुरं वाजवलं. मग पखवाजाला हात लावून नमस्कार केला आणि म्हणाले, "झाला बाबा राम. चला आता कुठं चलायचं तितं." आणि लहान मुलासारखे स्ट्रेचरवर आडवे झाले. गुलालानं डॉक्टर लालभडक. ते आणि मी तात्यांबरोबर बसलो. गाडी निघाली तेव्हा बाराला चार कमी होते, आणि घाटाच्या तोंडाशी असताना मागून अण्णांचा बार ऐकू आला. त्यांनी आपला वेळेवर उडवला.

त्या दिवशी संध्याकाळी कोल्हापुरात तात्यांना यंत्र बसलं. मोठ्या डॉक्टरांनी त्यावर सत्तरचा ठोका लावून दिला. शुद्धीवर आल्यावर तात्यांनी छातीवर हात ठेवला, बराच वेळ ऐकलं आणि म्हणाले, "हात माजा नाय हा. पण लय बरी हाय."

बुवा तिसऱ्या दिवशी बसनं भेटायला आले. आत जाण्याआधी मला आणि डॉक्टर मेश्रामांना जिन्याशी थांबवलं.

"ते सहा सेकंद," म्हणाले, "तुम्ही दोघं आणि मी. चौथ्याला नको. त्याला कळलं आपला ठेका थांबला होता, तर तो परत पखवाजाला हात लावणार नाही. मी ओळखतो त्याला."

"आणि तुमी?" डॉक्टरांनी विचारलं. "तुमचं काय होईल तिकडं?"

"माझं काय? मला वाटलं बारा वाजले. म्हातारपण."

ज्येष्ठात देवस्थानचं पत्र आलं. जन्माचा मुहूर्त साधण्यात कसूर, सबब पुढील वर्षापासून सेवा बंद. अण्णांनी ते स्वतः लिहिलं आणि लिहिताना रडले, असं त्यांच्या सूनबाईंनी मला सांगितलं. पण कागद तो कागद.

तात्या त्यानंतर अकरा वर्षं वाजवत होते. नवे बुवा आले, राम बाराच्या ठोक्याला जन्मू लागला. नरहरबुवा दर नवमीला चार मैल चालत यायचे आणि मागं, चपलांपाशी, भिंतीला टेकून ऐकायचे. आणि दर नवमीला, कीर्तन झालं की तात्या घाम पुसत त्यांच्यापाशी जायचे आणि चारचौघांत सुनवायचे.

"काय बुवा! बघितलंत? बाराला बारा. माजा ठेका तवाबी बरोबर व्हता. तुमची येळ चुकली!"

"हो हो, तात्या," बुवा हसून म्हणायचे. "माझीच चुकली."

एकदाही दुसरं काही बोलले नाहीत. डॉक्टर मेश्राम बदलून गेले, पुढं पत्रंही थांबली. तात्या गेले, बुवा त्यांच्यानंतर दोन पावसाळ्यांनी. म्हणजे आता ते सहा सेकंद माझ्या एकटीपाशी होते, आणि आज तुमच्यापाशी आले.

मला दुसरं काही नको. देवशेतला कुणी विचारलं तर लोक आजही सांगतात, एक कीर्तनकार होते, त्यांना वेळ कळत नसे. तुम्ही तिथं भांडू नका, देवळात भांडणं नकोत. पण मनात म्हणा, नरहरबुवा आठल्ये. एवढं नाव तेवढं लक्षात असू द्या.